‘व्हिपलॅश’च्या प्रत्येक भागावर वेगळं काय लिहायचं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. ‘व्हिपलॅश’ ही १९६०-६१ची ऑस्ट्रेलियन वेस्टर्न मालिका तुम्हाला पूर्ण, म्हणजे चौतीसच्या चौतीस भाग, बघायला मिळाली आहे. दर आठवड्याला एका भागाचं मराठीत परीक्षण लिहायचं तुम्ही ठरवलंत. तीन लिहून झाली आणि चौथ्याला बसल्यावर लक्षात आलं की तिन्ही एकसारखी झाली आहेत. निम्मी जागा कथानकाला, दोन ओळी नायक झालेल्या पीटर ग्रेव्ह्जच्या रुबाबावर, दोन ओळी माळरानाच्या चित्रणावर आणि शेवटी पाचपैकी तीन तारे. तुम्ही विचारलंय, मालिकाच एकसुरी आहे की माझं लिहिणं?

मी बावीस वर्षं संकलक म्हणून काम केलं, आधी फिल्मवर आणि मग टेपवर. बहुतेक काम मालिकांचंच होतं. गेली काही वर्षं जुन्या मालिकांवर लिहितो. त्या अनुभवावरून सांगतो, दोष तुमच्या लिहिण्याचा नाही, हिशेबाचा आहे. मालिकेच्या खात्यावर मांडायच्या गोष्टी तुम्ही प्रत्येक भागाच्या खात्यावर मांडताय. ग्रेव्ह्जचा रुबाब चौतीसही भागांत आहे. माळरान चौतीसही भागांत आहे. घोडागाडी अडचणीत येणार आणि शेवटी सुटणार, हेही ठरलेलं आहे. हे सगळं दर आठवड्याला नव्यानं सांगितलं की परीक्षणं सारखीच होणार.

म्हणून पहिलं काम, मालिकेवर एकच सविस्तर टिपण लिहून वेगळं ठेवा. पुढच्या प्रत्येक परीक्षणात त्याचा हवाला द्या आणि पुढे जा. त्या टिपणात काय असावं, हे मी माझ्या वहीतून सांगतो.

नायक ख्रिस्तोफर कॉब हा अमेरिकन माणूस ऑस्ट्रेलियात येऊन प्रवासी घोडागाड्यांची कंपनी उभारतो, ही मालिकेची चौकट. काळ १८५०च्या दशकाचा. त्याचा साथीदार डॅन लेडवर्ड, म्हणजे नट अँथनी विकर्ट. प्रत्येक भाग साधारण अर्ध्या तासाच्या वेळेत बसणारा, कृष्णधवल, फिल्मवर चित्रित केलेला. स्टुडिओ सिडनीतला आर्ट्रान्सा पार्क. शीर्षकगीत फ्रँक आयफिल्डनं गायलेलं. पैसा आणि विक्री यांत ब्रिटनच्या आयटीसी कंपनीचा हात होता, आणि मालिका आधी ब्रिटनमध्ये सप्टेंबर १९६०ला दिसली, ऑस्ट्रेलियात फेब्रुवारी १९६१ला. ही शेवटची ओळ लाल शाईनं लिहा. मालिका ज्या देशाबद्दल आहे त्या देशाआधी ती दुसऱ्या देशात दाखवली गेली. नायक अमेरिकन का, संवाद असे समजावून सांगितल्यासारखे का, या प्रश्नांची बरीचशी उत्तरं तिथे मिळतात. ग्रेव्ह्ज तेव्हा अमेरिकन टीव्हीवर ओळखीचा चेहरा होता. लेखकांतही अमेरिकन नावं आहेत. पुढे ‘स्टार ट्रेक’ निर्माण करणारे जीन रॉडनबेरी यांनी यातले काही भाग लिहिले आहेत, आणि दिग्दर्शकांपैकी जॉन मेरेडिथ लुकास नंतर त्याच मालिकेवर काम करताना दिसतात.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते आधीच मान्य करतो. तुमचा वाचक कोण, यावर बरंच ठरतं. त्याला मालिका बघायची असेल तर शेवट फोडू नका. त्याला ती कधीच मिळणार नसेल आणि तुमचं लिखाण हाच त्याचा तिच्याशी संबंध असेल, तर शेवट सांगितल्याशिवाय परीक्षण अपुरं राहील. मी दुसऱ्या प्रकारच्या वाचकासाठी लिहितो, म्हणून शेवट सांगतो. दुसरं, तुमच्या हातातली प्रत कुठली आहे? फिल्म सेकंदाला २४ चौकटींची आणि ब्रिटन-ऑस्ट्रेलियाचा जुना टीव्ही २५चा. तिथल्या प्रसारणावरून उतरवलेली प्रत साधारण चार टक्के जलद चालते, आवाजही किंचित चढा लागतो. अशा प्रतीवरून ‘नट घाईघाईनं बोलतात’ असं लिहिलंत तर तो त्यांच्यावर अन्याय होईल. भाग कुठल्या क्रमानं बघताय, तेही नोंदवा. अशा मालिकांत चित्रीकरणाचा क्रम आणि प्रसारणाचा क्रम एकच असेल याची खात्री नसते, त्यामुळे ‘सहाव्या भागापर्यंत नट रुळलाय’ ही विधानं जपून करावीत.

मग खुद्द भागाबद्दल काय लिहायचं? मी प्रत्येक भागाला एकच प्रश्न विचारून सुरुवात करतो. हीच गोष्ट उचलून अमेरिकेत, समजा ॲरिझोनात, नेली तर काय तुटतं?

काहीच तुटत नसेल तर तो भाग म्हणजे नुसता टोपी बदललेला अमेरिकन काऊबॉयपट. त्यावर चार ओळी पुरेत. पण काही तुटत असेल, तर नेमकं तेच तुमचं परीक्षण आहे. आणि तुटण्यासारख्या जागा ऑस्ट्रेलियात भरपूर आहेत, फक्त आपल्याला त्या माहीत असाव्या लागतात.

कायद्याचं बघा. अमेरिकन वेस्टर्नमधला शेरीफ बहुधा गावानं निवडलेला, गावातलाच माणूस असतो. त्याच्या छातीवरचा तारा गावाचा असतो. १८५०च्या ऑस्ट्रेलियात घोड्यावरचा पोलीस हा राणीच्या सरकारचा माणूस. सोन्याच्या खाणींवर तो लोकांना भेटतो तोच परवाना मागायला. व्हिक्टोरिया वसाहतीत हा परवाना सुरुवातीला महिन्याला ३० शिलिंगांचा होता, सोनं सापडो वा न सापडो. त्याच रागातून ३ डिसेंबर १८५४ला बॅलरॅटला युरेकाचा उठाव झाला आणि माणसं मेली. म्हणजे पडद्यावर पोलीस आला की प्रेक्षकाच्या मनात ‘आता न्याय होणार’ असं यायला हवं की ‘आता हा पैसे मागणार’? लेखकानं यापैकी काय धरलंय, हे एका प्रसंगात कळतं. तिथे थांबा आणि त्यावर लिहा.

कैद्यांचं बघा. ब्रिटननं इथे कैदी पाठवले. न्यू साउथ वेल्सला ते बंद झालं १८४०मध्ये, आताचं तास्मानिया म्हणजे तेव्हाच्या व्हॅन डिमेन्स लँडला १८५३मध्ये. त्यामुळे १८५०च्या दशकातल्या कथेतल्या कुठल्याही पन्नाशीच्या माणसाचा भूतकाळ बेड्यांचा असू शकतो. शेजारच्या सभ्य दुकानदाराचाही, त्याच्या सासऱ्याचाही. अमेरिकन वेस्टर्नमध्ये परागंदा माणूस येतो तो नाव बदलून, एकटा. इथे भूतकाळ लपवणारा एकटा माणूस नसतो, अख्खा समाज असतो. एखाद्या भागात सुटून आलेला कैदी असेल तर त्याच्याकडे बाकीचे कसे बघतात, हे बारकाईनं बघा. लेखकाला हा देश कळलाय की नाही, ते तिथे उघडं पडतं.

लोकरीचं बघा. अमेरिकन वेस्टर्नमध्ये मेंढपाळ हा बहुतेकदा गुरंवाल्यांनी हुसकावलेला गरीब. ऑस्ट्रेलियात मेंढ्या म्हणजे श्रीमंती. प्रचंड सरकारी जमीन ताब्यात ठेवून मेंढ्या चारणारा ‘स्क्वॉटर’ हा तिथला जमीनदारच म्हणायचा. हे नातं उलटं आहे, आणि ते उलटं दाखवलंय की नाही यावर अख्ख्या भागाचं नैतिक माप फिरतं.

ऋतूसुद्धा. डिसेंबर म्हणजे रणरणता उन्हाळा. अशा छोट्या गोष्टी स्टुडिओत बसलेल्या परदेशी लेखकाच्या हातून निसटतात आणि जागेवर काम करणारे लोक त्या सावरतात. भाग बघताना ही रस्सीखेच दिसू लागली की मालिका एकसुरी वाटेनाशी होते, हा माझा अनुभव आहे.

याच प्रश्नाच्या पोटात आणखी एक. गाडी काढून टाकली तर भाग उभा राहतो का? घोडागाडीची कंपनी म्हणजे काय, हे मराठी वाचकाला पटकन सांगता येतं, कारण ‘टप्पा’ हा शब्दच आपल्याकडे त्या व्यवहारातला आहे. ठरावीक अंतरावर ताजे घोडे उभे असायचे, गाडी यायची, घोडे बदलायचे, गाडी निघायची. या व्यवस्थेत नाट्य भरलेलं आहे. घोडे कोण सांभाळतं, टपालाचा ठेका कुणाला मिळतो, सोनं कुणाच्या भरवशावर पाठवायचं, पूर आला तर उतारू कुठे राहतात? चांगल्या भागात गोष्ट यातून निघते. सुमार भागात गाडी फक्त कॉबला दुसऱ्याच्या भानगडीपर्यंत पोचवते. (घोड्यांवरून एक सांगावंसं वाटतं. न्यू साउथ वेल्समध्ये पैदास झालेले ‘वेलर’ घोडे मोठ्या संख्येनं हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेसाठी आणले जात. तुमच्या वाचकाच्या खापरपणजोबांनी छावणीत पाहिलेला उंच घोडा याच मुलखातून आलेला असू शकतो. एखाद्या परीक्षणात हा धागा जरूर ओवा.)

इतिहासाचा मुद्दा तुम्ही विचारलाय: ‘खऱ्या कंपनीशी मेळ बसत नाही, ते दर वेळी लिहावं का?’ नाही. एकदाच लिहा, मालिकेच्या टिपणात. खरा माणूस फ्रीमन कॉब, मॅसॅच्युसेट्सचा. १८५३मध्ये मेलबर्नला आला, आणि कॉब अँड कंपनीची पहिली गाडी ३० जानेवारी १८५४ला मेलबर्नहून खाणींच्या दिशेनं निघाली. त्याचे भागीदारही अमेरिकनच होते. त्यांच्या अमेरिकन बनावटीच्या गाड्या जाड चामड्याच्या पट्ट्यांवर झुलत, म्हणून खडबडीत वाटेवर पोलादी स्प्रिंगांच्या गाड्यांपेक्षा टिकत. पण कॉब स्वतः १८५६मध्ये धंदा विकून निघून गेला. कंपनीचा मोठा पसारा वाढवला तो जेम्स रदरफर्डनं, आणि तिचं मुख्य ठाणं न्यू साउथ वेल्समधल्या बॅथर्स्टला गेलं ते १८६२मध्ये. ‘एपिसोड इन बॅथर्स्ट’ नावाचा भाग बघाल तेव्हा हे डोक्यात असू द्या. कंपनीची शेवटची घोडागाडी क्वीन्सलंडमध्ये १९२४ला धावली, म्हणजे कॉब गेल्यावर अडुसष्ट वर्षांनी.

हे कळल्यावर ‘मालिका खोटी आहे’ एवढंच म्हणून भागत नाही. विचार करा की बदलानं काय साधलं. खरा कॉब तीन वर्षांत परतला. मालिकेतला राहतो आणि या देशाशी बांधला जातो. दिग्दर्शक जेव्हा त्याला एखाद्या प्रसंगात परका दाखवतो आणि दुसऱ्यात घरचा, तेव्हा त्या दोन टोकांमधलं अंतर हे भागाचं मर्म असतं. बाकी काटेरी तारेसारख्या चुका, म्हणजे १८५०च्या दशकाच्या गोष्टीत १८७४मध्ये पेटंट मिळालेली ग्लिडनची तार दिसली, तर शेवटी एका ओळीत नोंदवून मोकळे व्हा.

आता संकलकाच्या खुर्चीतून. प्रत्येक भाग दोनदा बघा. पहिल्यांदा पेन हातात नको. दुसऱ्यांदा घड्याळ समोर ठेवा आणि फक्त एक गोष्ट लिहा: कुणी, कितव्या मिनिटाला, कुठला निर्णय घेतला. अर्ध्या तासाच्या भागात मध्ये जाहिरातीची फट असते आणि त्या फटीआधी काहीतरी टांगून ठेवावंच लागतं. ते टांगणं एखाद्या पात्राच्या निर्णयानं झालंय की अचानक कोसळलेल्या दरडीनं, यात चांगला आणि सुमार भाग वेगळा होतो. मी अशा नोंदी काढायला लागल्यावर माझं कथानक सांगणं आपोआप आटलं. पाच निर्णय लिहिले की गोष्ट कळतेच.

धावत्या गाडीची तीच तीच दृश्यं तुम्हाला खटकली आहेत. तोच वळणावरचा वाकडा गमट्री, म्हणजे निलगिरीचं झाड, तीच धूळ. मालिकांत हे सर्रास चालतं. एकदा चांगलं चित्रित झालेलं दृश्य दहा ठिकाणी वापरतात, मीही वापरलंय. पण तिथे दोष लिहून थांबू नका. एका ठिकाणी वाचवलेला दिवस दुसरीकडे खर्च झालेला असतो. तो कुठे गेला ते शोधा. कधी नदीतल्या एका प्रसंगात सापडेल, कधी गर्दीच्या दृश्यात. तसंच रात्रीची दृश्यं. आकाश काळवंडलेलं पण झाडांच्या सावल्या कडक आणि आखूड दिसल्या तर ते भर दुपारी कॅमेऱ्याला गाळणी, म्हणजे फिल्टर, लावून घेतलेलं आहे. कृष्णधवलमध्ये ते खपून जातं, आणि ऑस्ट्रेलियाच्या उन्हात त्याला कधीकधी एक विलक्षण चंदेरी रूप येतं. मला ते मनापासून आवडतं.

कानही वापरा. आसूड ही या मालिकेची खूण आहे, तिच्या नावातच आहे. पोतराजाच्या आसुडाचा कडाका ज्यानं गल्लीत ऐकलाय त्याला वेगळं सांगायला नको की तो आवाज अंगावर पडण्याआधी हवेत फुटतो. आसुडाचं टोक ध्वनीपेक्षा वेगानं जातं म्हणून. एखाद्या भागात तो आवाज धमकी म्हणून येतो, एखाद्यात गाडी हाकण्याचं साधन म्हणून, एखाद्यात केवळ सवयीनं टाकलेला असतो. या तीन वापरांवरच एक छान परीक्षण होईल.

सगळ्यात जास्त काळजी घ्यायची जागा म्हणजे तिथले मूळचे लोक. तुम्ही लिहिलंय की ‘त्या काळी असंच दाखवत, म्हणून सोडून द्यावं का?’ सोडून देऊ नका. काळ समजून घ्या, पण त्याला पांघरूण करू नका. मालिका बनली तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेनुसार या लोकांची गणना देशाच्या लोकसंख्येत धरली जात नव्हती. ती तरतूद गेली १९६७च्या सार्वमतानं, नव्वद टक्क्यांहून जास्त मतांनी. पण अभिनेते नव्हते असं मुळीच नाही. १९५५च्या ‘जेडा’ या चित्रपटात दोन्ही मुख्य भूमिका तिथल्याच मूळ समाजातल्या कलाकारांनी केल्या होत्या, आणि त्यातले रॉबर्ट टुडावाली ‘व्हिपलॅश’मध्येही आहेत. म्हणून मी अशा प्रत्येक भागात तीन गोष्टी बघतो. पात्राला नाव आहे का? त्याला स्वतःचं वाक्य आहे का? आणि त्याच्या वागण्याला स्वतःचं कारण आहे का, की तो फक्त गोऱ्या पात्राला वाट दाखवायला किंवा घाबरवायला आलाय? टुडावाली पडद्यावर आले की लेखकानं दिलं नसलेलं कारणही ते नुसत्या उभं राहण्यातून देतात, असं मला वाटतं. त्यांच्यासाठी वेगळा परिच्छेद राखून ठेवा.

इथे शब्दाचा पेच पडतो. ‘आदिवासी’ लिहिलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर वारली आणि भिल्ल येतात. ‘मूलनिवासी’ लिहिलं की आपल्याकडच्या वेगळ्याच चळवळीचे संदर्भ जागे होतात. मी पहिल्यांदा ‘ॲबोरिजिनल’ लिहितो, आणि माणसाचा समाज माहीत असेल तर त्याचंच नाव घेतो. टुडावाली मेलव्हिल बेटावरचे टिवी होते, तर ‘टिवी’ लिहावं. आणखी एक रीत पाळा. त्यांच्यातल्या अनेक समाजांत मृत व्यक्तीचं नाव घेणं, चित्र दाखवणं दुःखाचं मानतात, म्हणून ऑस्ट्रेलियात अशा जुन्या कार्यक्रमांच्या आधी सूचना देतात. तुमच्या परीक्षणासोबत जुनं छायाचित्र लावणार असाल तर वर तशी एक ओळ टाका.

ताळा पाहायला दुसरी एखादी मालिका हवी. मी ‘रश’ सुचवेन, तिथल्या सरकारी वाहिनीची. पहिलं पर्व १९७४चं, कृष्णधवल, कारण रंगीत प्रक्षेपण तिथे मार्च १९७५मध्ये आलं. तीही सोन्याच्या खाणींवरची, पण मुख्य पात्रांत एक पोलीस सार्जंट आहे, आणि ती आधी घरच्या प्रेक्षकासाठी बनलेली. तिचे दोनच भाग बघा. मग ‘व्हिपलॅश’ परदेशी गिऱ्हाइकाला काय काय समजावून सांगतेय, ते लख्ख दिसेल.

ताऱ्यांचं शेवटी. मी देत नाही. द्यायचेच असतील तर याच मालिकेच्या इतर भागांच्या तुलनेत द्या, आणि तसं लिहून ठेवा. १९६०मधला अर्ध्या तासाचा भाग आजच्या दहा तासांच्या वेब मालिकेशेजारी ठेवून तीन तारे दिले तर त्या आकड्याला अर्थ उरत नाही. चौतीसही भागांना सारखी जागा देऊ नका. काहींना चार ओळी, काहींना दोन पानं, दोन-तीन सुमार भाग एकत्र घेतले तरी चालेल. आणि चौथं परीक्षण आज लिहू नका. आणखी दोन भाग बघा, मालिकेचं टिपण पूर्ण करा, मग पहिल्या तिन्हींकडे परत जा. ती पुन्हा लिहावी लागतील, पण त्यातला ग्रेव्ह्ज आणि माळरानाचा मजकूर जसाच्या तसा टिपणात उचलून ठेवता येईल.